एका तुळईला टांगलेली दोन घड्याळे : वीजपुरवठ्यातील गोंगाट आणि पीएलएलचा इतिहास

१/
फेब्रुवारी १६६५. नेदरलँड्समधील हेग शहर. आजारपणामुळे खोलीत अडकून पडलेले ख्रिस्तियान हायगेन्स समोर टांगलेल्या दोन लंबकाच्या घड्याळांकडे पाहत होते. दोन्ही लंबक एकाच ठेक्यात झुलत होते, फक्त विरुद्ध दिशांनी. एक डावीकडे जाई तेव्हा दुसरा उजवीकडे. हायगेन्स यांनी मुद्दाम तो ठेका बिघडवला. अर्ध्या तासाच्या आत लंबक पुन्हा जुळले.

२/
कारण शोधताना त्यांना आढळले की दोन्ही घड्याळे एकाच तुळईला टांगलेली होती आणि ती तुळई दोन खुर्च्यांवर टेकलेली होती. लंबकाच्या प्रत्येक हेलकाव्याने तुळई डोळ्यांना न दिसण्याइतकी हले आणि त्या हालचालीतून एका घड्याळाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचे. ही घड्याळे समुद्रावर रेखांश मोजण्यासाठी बनवली जात होती. जहाजावर दोन घड्याळे नेण्यामागे हेतू असा, की एक बंद पडले तरी दुसरे चालू राहावे.

३/
ही वार्ता लंडनच्या रॉयल सोसायटीत पोहोचली, तेव्हा काही सभासदांनी कौतुकाऐवजी शंका उपस्थित केली. जवळजवळ जाणवूही नये एवढ्या हालचालीने ज्या घड्याळाची चाल बदलते, त्यावर भर समुद्रात विसंबायचे कसे? सुमारे तीनशे वर्षांनी हीच शंका सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर पुन्हा उभी राहिली. तेथे घड्याळ होते विजेचे आणि तुळई होती वीजपुरवठ्याची तार. त्या तारेतील गोंगाट गणितात कसा बांधला गेला, त्याचा हा इतिहास.

४/
आधी यंत्रणेची ओळख. भजनात टाळकरी मृदंगाकडे कान ठेवून असतो. आपली लय पुढे सरकली की तो हात आवरतो, मागे पडली की उचलतो. ‘फेज-लॉक्ड लूप’ अर्थात पीएलएल हेच काम विजेने करते. तिच्यात एक ऑसिलेटर असतो, ज्याची गती व्होल्टेजने कमी-जास्त करता येते. त्याची फेज, म्हणजे आवर्तनातील नेमका टप्पा, बाहेरून येणाऱ्या संदर्भ-संकेताशी सतत ताडून पाहिली जाते. फरक आढळला की त्यातून दुरुस्तीचे व्होल्टेज तयार होते, ते गाळून ऑसिलेटरकडे परत जाते आणि ऑसिलेटर पुन्हा ठेक्यावर येतो.

५/
या कल्पनेचा आरंभ साधारणपणे १९३२ मध्ये मानला जातो. त्या वर्षी फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यांनी रेडिओच्या ‘समकालिक ग्रहणा’वर लेख प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता, की स्टेशनच्या वारंवारतेशी तंतोतंत जुळणारा ऑसिलेटर रेडिओच्या आतच ठेवता आला, तर ग्रहण सोपे होईल. पण असा ऑसिलेटर हळूहळू ढळतो. त्याला सतत जागेवर आणणारे फीडबॅकचे वलय हे त्याचे उत्तर होते. मात्र त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत ही रचना फार खर्चिक ठरली आणि बराच काळ कागदावरच राहिली.

६/
वीजपुरवठ्याच्या उपद्रवाची पहिली मोठी नोंद मात्र दूरचित्रवाणीच्या इतिहासात सापडते. घरातील वीज सेकंदाला ५० किंवा ६० वेळा वर-खाली होते. तिच्यापासून संचासाठी स्थिर व्होल्टेज बनवताना थोडी लहर उरतेच, आणि ती पडद्यावर आडव्या पट्ट्याच्या रूपाने उमटते. चित्राची गती विजेच्या वारंवारतेशी जुळत नसेल, तर हा पट्टा वर-खाली सरकत राहतो आणि डोळ्यांना खुपतो.

७/
म्हणूनच १९३६ मध्ये ब्रिटनने सेकंदाला ५० क्षेत्रांची, तर १९४१ मध्ये अमेरिकेने ६० क्षेत्रांची पद्धत स्वीकारली. दोन्ही आकडे आपापल्या देशातील विजेचेच होते. गोंगाट हटवता येत नाही, तेव्हा निदान तो एका जागी स्थिर तरी करावा, असा हा व्यवहारी तह होता. वीजपुरवठा हा केवळ इंधनाचा स्रोत नाही, तो चित्रात स्वतःची सहीही उमटवतो, हे या तहाने मान्य केले.

८/
१९४३ मध्ये के. आर. वेंट आणि जी. एल. फ्रेडेंडॉल यांनी दूरचित्रवाणी संचातील समक्रमणासाठी स्वयंचलित फेज-नियंत्रणाची पद्धत मांडली. प्रत्येक समक्रमण-स्पंदावर आंधळेपणाने उडी मारण्याऐवजी संच अनेक स्पंदांची सरासरी काढून चालू लागला. एखादा स्पंद वाटेतील गोंगाटाने विद्रूप झाला, तरी चित्र फाटत नसे. येथून पीएलएल घराघरांत पोहोचली.

९/
त्यानंतरचा अध्याय अवकाशाचा. १९५५ मध्ये एबरहार्ट रेक्टिन आणि रिचर्ड जाफे यांनी क्षीण संकेत आणि प्रचंड गोंगाट यांत फेज-लॉक वलय कसे रचावे, याचे गणित मांडले. ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेने ‘एक्सप्लोरर १’ हा उपग्रह सोडला. त्यावरील एका प्रक्षेपकाची शक्ती केवळ १० मिलिवॅट होती. तो कुजबुजणारा संकेत पृथ्वीवर पकडणारी ‘मायक्रोलॉक’ यंत्रणा फेज-लॉकच्याच तत्त्वावर उभी होती.

१०/
या यशाने अभियंत्यांच्या मनात एक धडा पक्का बसला. गोंगाट बाहेरून येतो, वलयातील ऑसिलेटर त्यामानाने शांत असतो. म्हणून वलय ‘अरुंद’ ठेवावे, म्हणजे त्याने दुरुस्ती सावकाश, भरपूर सरासरी काढून करावी. प्रत्येक हाकेला ओ देणारा टाळकरी गर्दीच्या कोलाहलात चुकतो; धिम्या कानाचा टाळकरी लय सांभाळतो. रेडिओ आणि अवकाश यांच्यासाठी हा धडा अचूक होता. पुढे तो ज्या जागी नेला गेला, तेथे मात्र परिस्थिती उलटी होती.

११/
१९६६ मध्ये डेव्हिड लीसन यांनी ऑसिलेटरच्या अंतर्गत गोंगाटाचे एक आटोपशीर सूत्र प्रसिद्ध केले आणि शत्रू घरातही असू शकतो, याकडे लक्ष वेधले. १९६९ च्या सुमारास सिग्नेटिक्स कंपनीने पीएलएल एकाच एकात्मिक मंडलात बसवली. खोलीभर यंत्रणेचे काम आता चिमटीत मावू लागले. तरीही ती चिप एकटीच राहत होती. तिच्या शेजारी कोणी दंगा करणारे नव्हते.

१२/
१९८० च्या दशकात शेजारी आले. मायक्रोप्रोसेसरचा प्रत्येक व्यवहार ‘क्लॉक’ नावाच्या ठेक्यावर चालतो. बाहेरचा क्लॉक चिपमध्ये शिरून हजारो शाखांतून पसरेपर्यंत उशीर होतो. गती वाढली तसा तो उशीर सोसेनासा झाला. त्यावर तोडगा असा, की पीएलएल प्रोसेसरच्या पोटातच ठेवायची. ती आतला ठेका बाहेरच्याशी जुळवील आणि वाटल्यास पटीत वाढवीलही. १९८७ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी पीएलएलवर आधारित क्लॉक-निर्मितीची रचना प्रसिद्ध केली.

१३/
१९९२ मध्ये इंटेलचे इयन यंग आणि सहकाऱ्यांनी १२ लाख ट्रान्झिस्टरांच्या प्रोसेसरवर पूर्णपणे सामावलेली पीएलएल जगापुढे ठेवली. तिला बाहेरचा एकही सुटा भाग लागत नव्हता. ५० मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकला, म्हणजे २० नॅनोसेकंदांच्या आवर्तनाला, तिची थरथर ०.३ नॅनोसेकंदाहून कमी होती. या थरथरीलाच ‘जिटर’ म्हणतात. संख्या लहान दिसते. परंतु ती मिळवली गेली १२ लाख दंगेखोर शेजाऱ्यांच्या मध्यभागी.

१४/
हा दंगा कसा होतो? घरात मिक्सर सुरू होताच दिवा क्षणभर मंदावतो. मिक्सरचा दिव्याशी काही संबंध नसतो. दोघांची वायर तेवढी एक असते. प्रोसेसरमध्ये प्रत्येक ठेक्याला लाखो ट्रान्झिस्टर एकदम वीज ओढतात. चिपला जोडणाऱ्या बारीक तारांना इंडक्टन्स असतो, आणि प्रवाह जितका झटक्याने बदलेल तितके व्होल्टेज त्या तारांवर पडते. एका नॅनोहेन्रीच्या तारेतून एका नॅनोसेकंदात १ अँपिअरचा बदल झाला, तर पूर्ण १ व्होल्ट खर्ची पडतो. म्हणून अनेक तारा समांतर जोडाव्या लागतात. तरीही काही अंश उरतोच.

१५/
आता या डगमगत्या विजेवर ऑसिलेटर चालवून पाहावा. साध्या इन्व्हर्टरांच्या कड्यापासून बनलेल्या ऑसिलेटरची वारंवारता पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या साधारण प्रमाणात बदलते. ३.३ व्होल्टमध्ये ०.१ व्होल्टची घट म्हणजे सुमारे ३ टक्के. २५० मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकचे आवर्तन ४ नॅनोसेकंदांचे असते. त्यात दर ठेक्याला ०.१२ नॅनोसेकंदाची चूक होऊ लागते. पुरवठा उलट वाढला, तर आवर्तन तेवढेच आखूड होते. गणिताचे उत्तर पोहोचण्याआधीच पुढचा ठोका पडतो आणि चुकीचा आकडा पुढे जातो.

१६/
त्याहून गंभीर बाब म्हणजे ही चूक साठत जाते. ऑसिलेटरला मागची चूक विसरता येत नाही. प्रत्येक ठेका आधीच्या ठेक्याच्या शेवटापासून सुरू होतो. बाहेरचा संदर्भ २५ मेगाहर्ट्‌झचा आणि आतला क्लॉक २५० चा असेल, तर दोन तुलनांच्या मध्ये १० ठेके जातात. तेवढ्यात ०.१२ चे १.२ नॅनोसेकंद होतात. आवर्तनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हातून निसटतो, आणि एका दुरुस्तीत तो सगळा भरूनही निघत नाही. वाण्याच्या वहीतील उधारीप्रमाणे बाकी पुढच्या पानावर जाते. चिपला बाहेरच्या स्मृतीशी किंवा दुसऱ्या चिपशी बोलायचे असते, तेव्हा हीच साठलेली बाकी आड येते.

१७/
ही प्रक्रिया संगणकावर जशीच्या तशी वठवणे सोपे नव्हते. १९७३ मध्ये ‘स्पाइस’ हा बर्कलीत घडवलेला, मंडलांचे अनुकरण करणारा प्रोग्रॅम सादर झाला होता. परंतु पीएलएलमध्ये दोन काळ एकत्र नांदतात. ठेका नॅनोसेकंदांचा, त्याच्या कडा त्याहूनही सूक्ष्म, तर वलय स्थिर व्हायला लागतात मायक्रोसेकंद. सूक्ष्म पावलांनी एवढे लांब अंतर चालायला अतोनात वेळ लागे. म्हणून अभियंत्यांनी व्होल्टेजची प्रत्येक लहर सोडून दिली आणि फक्त फेजचे समीकरण लिहिले. मॉडेल म्हणजे नेमके हेच. काय विसरायचे, याचा विचारपूर्वक केलेला निर्णय.

१८/
या मॉडेलने दिलेले उत्तर विलक्षण होते. पुरवठ्यात गोंगाट सावकाश होत असेल, तर वलयाला दुरुस्तीला वेळ मिळतो आणि चूक पुसली जाते. गोंगाट फार जलद असेल, तर वर-खालीचे धक्के चूक साठण्याआधीच एकमेकांना खोडून काढतात. धोका असतो मधल्या पट्ट्यात, वलयाच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास. तेथे गोंगाट इतका मंद नसतो की सावरता यावे, आणि इतका जलदही नसतो की आपोआप विरून जावा.

१९/
यातून अवकाशयुगाचा धडा उलटला. बाहेरचा गोंगाट अडवायचा तर वलय अरुंद हवे. घरातला गोंगाट दाबायचा तर ते रुंद, तत्पर हवे. प्रोसेसरला संदर्भ मिळतो तो क्वार्ट्‌झ स्फटिकाचा, म्हणजे शांत. अस्थिर आहे तो आतला ऑसिलेटर. तेच वलय, तेच गणित. मात्र शत्रूची जागा बदलताच योग्य निर्णयही बदलला. जुने सूत्र डोळे मिटून वापरणाऱ्याची चिप ठेका चुकली असती.

२०/
मग वलय हवे तेवढे रुंद का करू नये? फ्लॉइड गार्डनर यांनी १९८० मध्ये ‘चार्ज-पंप’ पद्धतीच्या पीएलएलचे विश्लेषण केले, त्यात याचे उत्तर होते. हे वलय अखंड दुरुस्ती करत नाही. संदर्भाच्या प्रत्येक ठोक्याला एकदा विजेचा छोटा घास देते. घास फार मोठा केला, तर वलय स्वतःच डळमळते. म्हणून रुंदी संदर्भ-वारंवारतेच्या साधारण एक-दशांशाच्या आत ठेवण्याचा दंडक रूढ झाला. तत्परतेलाही मर्यादा होती.

२१/
नोव्हेंबर १९९६ मध्ये जॉन मॅनिएटिस यांनी प्रसिद्ध केलेल्या रचनेने ही कोंडी दोन बाजूंनी सैल केली. एक, ऑसिलेटरचे टप्पे असे घडवले की पुरवठा हलला तरी त्यांचा वेग फारसा हलू नये. दोन, संपूर्ण वलयाचे विद्युत्‌-बंधन ऑसिलेटरच्याच गतीवरून ठरू दिले. त्यामुळे क्लॉक कोणत्याही गतीने चालवला, तरी वलयाची रुंदी त्याच प्रमाणात बदलत राही. पुरवठ्यात ५०० मिलिव्होल्टचा चौकोनी गोंगाट मुद्दाम घालूनही २५० मेगाहर्ट्‌झला जिटर ३८४ पिकोसेकंद भरला. ४ नॅनोसेकंदांच्या आवर्तनाचा तो दहावा हिस्साही नव्हता.

२२/
१९९८ मध्ये अली हाजिमिरी आणि थॉमस ली यांनी आणखी एक पदर उलगडला. समान धक्का आवर्तनाच्या कोणत्या क्षणी बसतो, यावर फेजची चूक ठरते. ही समज घड्याळजींच्या परंपरेला नवी नव्हती. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२६ मध्येच लंबकाविषयी असा विचार मांडला होता. लंबक सर्वात खाली असताना दिलेला धक्का त्याचा झोका वाढवतो, पण वेळ बिघडवत नाही. तोच धक्का टोकाजवळ बसला, तर वेळ बदलते. ट्रान्झिस्टरांच्या ऑसिलेटरलाही अशीच हळवी आणि निबर वेळ असते.

२३/
१९९९ मध्ये फ्रांक हर्झेल आणि बेहझाद रझावी यांनी पुरवठा आणि चिपची पायाभूमी या दोन्हींतून येणाऱ्या गोंगाटाचे जिटरमध्ये रूपांतर कसे होते, याचे विश्लेषण दिले. उष्णतेने होणारा सूक्ष्म गोंगाट निसर्गनियमाचा भाग असतो, तो टाळता येत नाही. वीजपुरवठ्याचा गोंगाट मात्र शेजाऱ्याने केलेला असतो. मोठ्या डिजिटल चिपवर बहुधा दुसराच वरचढ ठरतो. त्यामुळे ऑसिलेटर एकट्याने तपासून भागत नाही. तो ज्या वस्तीत राहणार, ती वस्तीही मॉडेलमध्ये घ्यावी लागते.

२४/
पुढील रचनांत राखणदार वाढले. ऑसिलेटरसाठी स्वतंत्र व्होल्टेज-नियामक आला. तो मंद गोंगाट अडवतो, पण फार जलद गोंगाटापुढे हतबल होतो. जलद गोंगाट शोषण्यासाठी चिपवरच कपॅसिटर ठेवले गेले. पण चिपवरील कपॅसिटन्स आणि पॅकेजचा इंडक्टन्स मिळून स्वतःचाच एक झोका तयार होतो. नियामक थकतो, कपॅसिटर अजून पुरेसा जागा झालेला नसतो आणि वलय सर्वात हळवे असते, अशा तीन जागा एकमेकींवर पडू न देणे, हे आजही मॉडेलचे पहिले काम आहे.

२५/
आजच्या फोनमध्ये, संगणकात, दूरसंचाराच्या उपकरणांत अशा अनेक पीएलएल अखंड चालू असतात. एखाद्या सर्किट बोर्डाचा आराखडा उघडला, तर चिपच्या शेकडो पिनांमध्ये एक-दोन पिना केवळ पीएलएलच्या वीजपुरवठ्यासाठी राखलेल्या दिसतात. त्यांच्या वाटेवर फेराइटचा एक मणी आणि एक-दोन कपॅसिटर असतात. बाकी सारी चिप एका तारेवर; ठेका धरणारा ऑसिलेटर मात्र वेगळ्या तारेवर.

२६/
रॉयल सोसायटीतील शंकेला इतक्या वर्षांनी मिळालेले हे उत्तर अर्धेच आहे. तुळई वेगळी केली, तरी दोन्ही घड्याळे अखेर एकाच जमिनीवर उभी असतात. वेगळ्या पिनांच्या ऑसिलेटरखालीही सिलिकॉनची पायाभूमी तीच राहते. हायगेन्स यांना तुळई हलताना दिसली नव्हती. दोन लंबकांच्या वागण्यावरून त्यांनी ती ओळखली. पीएलएलचा अभियंताही जिटरचे मोजमाप हाती घेतो आणि त्यावरून ठरवतो, की कोणती सामायिक गोष्ट आपल्या मॉडेलमधून सुटली आहे.